साखळीतला पहिला कोण?

मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन टोचतात ही गोष्ट आता घरोघरी ठाऊक आहे. पुष्कळ घरांत तर त्याची लहानशी बाटली फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी उभी असते. कॅनडातील टोरांटो येथे १९२२ च्या जानेवारीत हे औषध पहिल्यांदा एका मरणोन्मुख मुलाला टोचले गेले आणि तो वाचला. तेव्हापासून गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले हे द्रव्य लक्षावधी लोकांच्या अंगात गेले. पण श्रोतेहो, ते द्रव्य म्हणजे नेमके काय, त्याच्या रेणूची बांधणी कशी, हे पुढची तीसएक वर्षे जगात कोणालाही सांगता येत नव्हते. डॉक्टर टोचत होते, रोगी जगत होते, आणि रसायनशास्त्रज्ञ मात्र डोके खाजवीत बसले होते.

त्यांची अडचण काय होती, आणि ती एका पिवळ्या रंगाने कशी सोडवली, ते आज सांगावयाचे आहे. ध्वनिक्षेपकापुढे बसून रंगाची गोष्ट सांगणे म्हणजे तसा उफराटाच प्रकार. तेव्हा रंग तुम्ही मनातल्या मनात पाहावयाचे.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. दुधातले केसीन, अंड्यातले पांढरे, लोकर, आपले केस, नखे ही सगळी प्रथिनेच. आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. मुले अंगणात हातात हात धरून साखळी करतात ना, अगदी तशी. प्रत्येक अमिनो आम्लाला दोन हात असतात असे समजा. एक हात नायट्रोजनचा, त्याला अमिनो गट म्हणतात, दुसरा आम्लाचा. एकाचा आम्लाचा हात दुसऱ्याच्या अमिनो हातात, त्याचा आम्लाचा हात तिसऱ्याच्या अमिनो हातात, अशी ही रांग लांबत जाते. मुले मात्र वीसच प्रकारची. ग्लायसीन सर्वांत लहानखुरे, मग अलानीन, व्हॅलीन, ल्युसीन, लायसीन, फेनिलअलानीन वगैरे मंडळी. हीच वीस मुले निरनिराळ्या क्रमाने उभी राहिली की कधी लोकर होते, कधी इन्सुलिन.

आता साखळीत कोण कोण आहे हे शोधणे फार अवघड नव्हते. प्रथिन तीव्र आम्लात तासन् तास उकळले की सगळे हात सुटतात आणि सुट्या अमिनो आम्लांचे मिश्रण हाती येते. पण हे कसे झाले? एखाद्या पोथीची सगळी अक्षरे कात्रीने कापून सुपात टाकावीत आणि मग मोजावे की क इतके, म इतके, र इतके. मोजणी बिनचूक झाली तरी पोथीत काय लिहिले होते ते कळणार नाही. क्रम गेला तो गेलाच. आणि खरे सांगायचे तर, असा ठराविक क्रम असतो याचीच त्या काळी कित्येक जाणत्या मंडळींना खात्री नव्हती. प्रथिन म्हणजे साधारण एकाच घडणीच्या रेणूंचा गोतावळा, त्यातला एक रेणू दुसऱ्यासारखा तंतोतंत असेलच असे नाही, असे म्हणणारे लोक होते. तेव्हा प्रश्न इन्सुलिनपुरता नव्हता. शरीरातील प्रथिने अक्षर अन् अक्षर ठरवून लिहिलेली असतात, की अंदाजाने जुळवलेली, असा तो प्रश्न होता.

पहिली पंचाईत वेगळीच. क्रम राहू द्या, सुटी झालेली अमिनो आम्ले एकमेकांपासून वेगळी करणे हेच महाकर्मकठीण होते. सगळी पांढरी भुकटी, सगळी कमीअधिक पाण्यात विरघळणारी, सगळ्यांचे स्वभाव जवळजवळ सारखे. जर्मनीतील थोर रसायनज्ञ एमिल फिशर यांनी १९०१ च्या सुमारास एक युक्ती केली. अमिनो आम्लांना मद्यार्क जोडून त्यांनी नवी द्रव्ये बनवली. ही द्रव्ये वाफेच्या रूपाने एकामागून एक वेगळी काढता येतात; मूळ आम्ले तशी काढता येत नाहीत, ती तापवली की जळतात. मूळ द्रव्याला एखादा रासायनिक तुकडा जोडून जे नवे द्रव्य होते त्याला पुस्तकी भाषेत अनुजात म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. माणूस तोच, पण अंगावर निराळा अंगरखा. आणि अंगरख्यामुळे त्याला गर्दीतून ओढून काढणे सोपे. फिशरच्या रीतीला मात्र माल फार लागे आणि नासाडीही फार होई.

दुसरी वाट एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून ठेवली होती. मिखाईल त्स्वेत हे रशियन गृहस्थ वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्यांचा अभ्यास करीत. त्यांनी काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून भरली, तिच्यावर पानांचा हिरवा अर्क ओतला आणि वरून द्रावक सोडीत गेले. पाहावे तो एकाच हिरव्या रंगातून हिरवे आणि पिवळे असे निरनिराळे पट्टे नळीत एकाखाली एक उभे! १९०६ साली या रीतीला त्यांनी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांचे लेखन, असे नाव दिले. गंमत अशी की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचाच अर्थ रंग. आपले नाव त्यांनी मुद्दाम गोवले की काय, देव जाणे. १९१९ साली ते वारले आणि त्यांची ही रीत पुढे दहाबारा वर्षे बहुतेक अडगळीत पडून राहिली.

आता आपण इंग्लंडातील लीड्स शहरी जाऊ. लीड्स म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तेथे लोकर उद्योगाची एक संशोधनसंस्था होती आणि १९४० च्या आगेमागे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोन तरुण तेथे खपत होते. लोकर हे प्रथिन असल्यामुळे तिच्यात कोणती अमिनो आम्ले किती, हे गिरणीवाल्यांना हवे होते. सिंज यांनी फिशरप्रमाणेच अनुजातांचा आसरा घेतला, पण अंगरखा दुसरा निवडला. साधे अमिनो आम्ल पाण्याला इतके चिकटून असते की क्लोरोफॉर्ममध्ये ते उतरतच नाही, कारण त्याच्या अमिनो हातावर विद्युत्भार असतो. त्या हातावर अ‍ॅसेटिक आम्लाचा तुकडा बसवला की हा भार जातो आणि ते थोडेफार क्लोरोफॉर्मकडे झुकू लागते. हे थोडेफार झुकणे प्रत्येकाचे निराळे. ल्युसीनचे अनुजात अधिक झुकते, अलानीनचे कमी. बाटलीत पाणी आणि क्लोरोफॉर्म घालून एकदा हलवले तर दोघांत विशेष फरक पडत नाही. पण आपली आजी सुपात तांदूळ पाखडते तेव्हा एका झटक्यात कोंडा निघतो काय? शंभर वेळा सूप उडवावे लागते. तसेच हे. पाणी एका दिशेने आणि क्लोरोफॉर्म उलट दिशेने वाहते ठेवून पुन्हा पुन्हा पाखडणारे एक यंत्र या दोघांनी बांधले. यंत्र चालले, पण दिवसरात्र त्याच्यापाशी पाळीपाळीने जागत बसायचे, आणि खोलीभर क्लोरोफॉर्मची वाफ. भूल देण्याच्याच औषधात बसून जागे राहायचे म्हणजे काय दिव्य असेल!

मग मार्टिन यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही द्रव कशाला चालवायचे? एकाला बसवून ठेवावे. सिलिका जेल नावाची भुकटी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी पिऊनही वरून कोरडीच दिसते. अशी ओली-कोरडी भुकटी नळीत भरली की पाणी जागच्या जागी बसले. आता वरून नुसते क्लोरोफॉर्म सोडायचे. अनुजाते वाहत्या क्लोरोफॉर्मबरोबर निघतात, क्षणभर पाण्यात थबकतात, पुन्हा निघतात. ज्याला पाणी अधिक प्रिय ते मागे रेंगाळते, ज्याला क्लोरोफॉर्म प्रिय ते पुढे जाते. एका वीतभर नळीत हजारो वेळा पाखडणी आपोआप होते. आणि ही अनुजाते बिनरंगी असल्याने, ती कोठे पोचली हे दिसावे म्हणून भुकटीतल्या पाण्यात मेथिल ऑरेंज हा रंग घातला. आम्ल जेथे जेथे असेल तेथे तांबडा पट्टा. १९४१ साली हे सारे छापून आले आणि १९५२ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या रीतीत एक खोड होती. सिलिकाची एक खेप दुसऱ्यासारखी निघत नसे. आज नीट चालले ते उद्या नव्या भुकटीवर बिघडे. म्हणून पाणी धरून ठेवणारे दुसरे काही तरी शोधता शोधता मार्टिन, कॉन्स्डेन आणि गॉर्डन यांनी १९४४ साली साधा गाळणीचा कागद घेतला. कागदाच्या एका कडेला मिश्रणाचा ठिपका द्यावा, ती कड द्रावकात बुडवावी, द्रावक कागदातून पुढे सरकू द्यावा, कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन फवारून ऊन द्यावी की एकेक अमिनो आम्ल जांभळा ठिपका होऊन उभे राहते. येथे अंगरखा आधी चढवायचा नसतो, शेवटी रंग चढवायचा असतो. ठिपका किती चालला भागिले द्रावक किती चालला, हा आकडा त्याची ओळख.

हा प्रयोग आम्ही महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून करून घेत असू. एका वर्षी एका मुलाच्या कागदावर तीन ठिपक्यांऐवजी अकरा ठिपके उठले. स्वारी खूष, काही नवा शोध लागला म्हणून कागद घेऊन धावतच आली. मी पाहिले तर वरच्या कडेला ओळीने पाच आणि खाली तीन. त्याच्याच बोटांचे ठसे! घामात अमिनो आम्ले असतात आणि निनहायड्रिनला घाम आणि प्रथिन हा भेद कळत नाही. त्या दिवसापासून चिमटा वापरल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे दंडक झाला.

एवढ्याने सुटी अमिनो आम्ले वेगळी करता येऊ लागली. क्रमाचा प्रश्न तसाच होता. तो सुटला तो केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांच्या हातून. सँगर तेव्हा पंचविशीचे होते. १९४३ साली प्राध्यापक चिब्नॉल यांच्या हाताखाली ते कामाला लागले आणि इन्सुलिनच्या मोकळ्या अमिनो गटांचा तपास करण्याचे काम त्यांच्याकडे आले. इन्सुलिनच का? कारण ते औषध असल्याने शुद्ध स्थितीत विकत मिळे. शास्त्राच्या इतिहासात अशा बाजारी सोयींचे माहात्म्य फार, पण त्याबद्दल कोणी पोवाडे गात नाही.

मोकळे अमिनो गट म्हणजे काय, ते आपल्या अंगणातल्या साखळीवरून पाहा. मधल्या प्रत्येक मुलाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. परंतु साखळीच्या आरंभी जे मूल उभे आहे त्याचा अमिनो हात कोणीच धरलेला नाही. तो मोकळा आहे. आता साखळी मोडण्यापूर्वीच त्या मोकळ्या हाताला पक्का रंग लावून ठेवला तर? मग खुशाल साखळी मोडा, सगळी मुले अंगणभर पांगू देत. ज्याच्या हाताला रंग तो पहिला!

कल्पना सोपी, पण रंग कसा हवा पाहा. तो हाताला हळुवारपणे लागला पाहिजे, नाही तर लावता लावताच साखळी तुटेल. एकदा लागला की आम्लात उकळून साखळीचे सगळे सांधे निखळेपर्यंत टिकला पाहिजे. आणि डोळ्यांना दिसला पाहिजे. सँगर यांनी आरंभी जे क्लोरीनयुक्त द्रव्य घेतले ते लागायला उष्णता मागे, आणि उष्णतेने प्रथिन बिघडे. त्याचेच फ्लोरीन असलेले भावंड, डायनायट्रोफ्लोरोबेन्झीन, हे मात्र खाण्याच्या सोड्याइतक्या सौम्य अल्कलीत, खोलीच्या उष्णतामानात अमिनो हाताला जाऊन चिकटते, आणि चिकटले की सहसा सुटत नाही. तयार होणारी अनुजाते पिवळीजर्द. यांना डी-एन्-पी अमिनो आम्ले म्हणतात. (हेच द्रव्य कातडीवर पडले तर फोड आणते, हातमोजे विसरणाऱ्याला प्रथिनांआधी स्वतःच्याच कातडीचे रसायन शिकायला मिळते.)

मग काम असे चाले. इन्सुलिनला पिवळी खूण लावायची, ते आम्लात उकळायचे, गार झाल्यावर ईथर घालून हलवायचे. खूण लागलेले पहिले अमिनो आम्ल ईथरमध्ये चढते, बाकीची बिनखुणेची मंडळी खाली पाण्यात राहतात. हा ईथर उडवून उरलेला पिवळा अंश मार्टिन आणि सिंज यांच्या ओल्या सिलिकाच्या नळीवर सोडायचा. आता मेथिल ऑरेंजची गरज नाही, कारण वाटसरू स्वतःच रंगीत आहेत. पिवळे पट्टे खाली उतरताना डोळ्यांनी दिसतात. नळी उन्हात मात्र ठेवायची नाही. ही अनुजाते उजेडाने नासतात.

आणि ओळख कशी पटवायची? येथेच खरी कसोटी. सगळे पट्टे पिवळेच, तेव्हा रंगावरून काही कळत नाही, चालीवरूनच ओळखायचे. त्यासाठी सँगर यांनी आधी ग्लायसीन, फेनिलअलानीन, व्हॅलीन अशा माहीत असलेल्या आम्लांना हीच खूण लावून त्यांचे नमुने तयार केले आणि कोण कोणत्या द्रावकात किती वेगाने चालतो ते पाहून ठेवले. मग अनोळखी पट्टा कोणाच्या चालीने चालतो ते पाहायचे. तेवढ्यावर भागत नाही, कारण दोघांची चाल एका द्रावकात सारखी असू शकते. ल्युसीन आणि आयसोल्युसीन ही जुळी भावंडे तर वेगळी व्हायला फारच कुरकुरतात. म्हणून द्रावक बदलून पुन्हा चालवायचे. तरीही शंका राहिली तर अनोळखी पट्टा आणि संशयित नमुना एकत्र मिसळून एकाच नळीवर सोडायचे. पट्टा दुभंगला तर दोघे निराळे. एकच राहिला तर ओळख बरीचशी पटली. शेवटी पट्टा बाहेर काढून त्याच्या रंगाची गडदता मोजली की किती अनुजात होते तेही समजते. पोलिसांची ओळखपरेड याहून पुष्कळ ढिलाईने होत असावी.

इन्सुलिनने काय सांगितले? ईथरमधून पिवळे पट्टे निघाले दोन. एक फेनिलअलानीनचा, दुसरा ग्लायसीनचा. म्हणजे साखळी एक नव्हे. निदान दोन प्रकारच्या साखळ्या, प्रत्येकीचा म्होरक्या निराळा. आणि आणखी एक नवल. ईथरमध्ये न चढता खाली पाण्यातच राहिलेला असाही थोडा पिवळा रंग होता. तो कोणाचा? तो लायसीनचा. या लायसीनला बगलेत एक जादा, तिसरा हात असतो, तोही अमिनोच. साखळीच्या मध्ये उभे असताना त्याचे दोन हात गुंतलेले, पण हा तिसरा मोकळा, म्हणून रंग त्यालाही लागला. साखळी मोडल्यावर त्याचा मूळचा अमिनो हात सुटला, त्यावर विद्युत्भार आला, आणि त्या भाराने त्याला पाण्यात धरून ठेवले. पहिला कोण आणि नुसताच रंगीत झालेला मधला कोण, हा भेद अशा रीतीने आपोआप झाला. मला विचाराल तर सबंध प्रकरणात हा भाग सर्वांत देखणा आहे. खूण नको तेथेही लागली, तरी तिने फसवले नाही.

फसवले ते दुसऱ्या गोष्टीने. १९४५ साली सँगर यांनी हे निष्कर्ष छापले तेव्हा इन्सुलिनचा रेणुभार सुमारे १२,००० धरला जाई. त्या हिशेबाने त्यांना एका रेणूत चार साखळ्या दिसल्या, दोन ग्लायसीनच्या आणि दोन फेनिलअलानीनच्या. पुढे कळले की रेणू त्याच्या निम्माच आहे, साखळ्या दोनच. पट्ट्यांचे माप बरोबर होते, भागायचा आकडा चुकला होता. शिवाय ग्लायसीनचे पिवळे अनुजात आम्लात उकळताना काहीसे नासते. ती घट हिशेबात धरली नाही तर ग्लायसीन उगाच कमी भरते. असल्या बारीकसारीक दुरुस्त्यांतच या कामाची वर्षे जात.

पहिला कोण ते कळले. दुसरा, तिसरा? १९४९ साली सँगर यांनी गंधकाचे पूल तोडून दोन्ही साखळ्या वेगळ्या केल्या. मग खूण लावलेली फेनिलअलानीनची साखळी पुरती न मोडता अर्धवटच मोडली. आता पिवळे तुकडे निघाले ते लहानमोठे. एकात नुसते फेनिलअलानीन. दुसऱ्यात फेनिलअलानीन आणि व्हॅलीन. तिसऱ्यात या दोघांबरोबर अ‍ॅस्पार्टिक आम्ल. चौथ्यात आणखी ग्लुटामिक आम्ल. पाहिलेत? चार पिवळे पट्टे एकाशेजारी एक ठेवले की क्रम जिन्याच्या पायऱ्यांसारखा वाचता येतो. (शेवटची दोघे इन्सुलिनात अ‍ॅस्पॅराजीन आणि ग्लुटामीन या रूपात असतात, आम्लात उकळताना त्यांचा अमोनिया निघून जातो.)

मधला भाग वाचायला तुकडे एकमेकांवर जुळवावे लागले. एखाद्या फाटक्या पत्राच्या एका चिटोऱ्यावर ‘महारा’, दुसऱ्यावर ‘राष्ट्र’ आणि तिसऱ्यावर ‘हाराष्’ असे दिसले तर शब्द कोणता ते आपण ओळखतोच. प्रत्येक तुकडा कागदावर उभ्या-आडव्या अशा दोन दिशांनी चालवून वेगळा काढायचा, त्याला पिवळी खूण लावून त्यातला पहिला ठरवायचा, बाकीचे मोजायचे, आणि मग चिटोरी जुळवीत बसायचे. व्हिएन्नाहून आलेले हान्स टुप्पी यांच्याबरोबर १९५१ साली तीस आम्लांची लांब साखळी पुरी झाली. थॉम्पसन यांच्याबरोबर १९५३ साली एकवीस आम्लांची आखूड साखळी पुरी झाली. १९५५ साली दोघींना जोडणारे आणि आखूड साखळीला स्वतःतच वळवणारे गंधकाचे तीन पूलही ठरले. एकावन्न अमिनो आम्ले, प्रत्येक आपल्या ठरल्या जागी. सरासरी नाही, गोतावळा नाही. अक्षर अन् अक्षर ठरलेले. जगातील कोणत्याही प्रथिनाचा पूर्ण क्रम माणसाने वाचला तो हा पहिला. १९५८ साली सँगर यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना दुसरे नोबेल १९८० साली मिळाले ते डी-एन्-ए वाचण्याच्या रीतीसाठी. पण ती कथा वेगळी.

पिवळ्या खुणेत एक उणीव मात्र होती. पहिल्याचे नाव कळण्यासाठी सबंध साखळी आम्लात बळी द्यावी लागे. स्वीडनचे पेर एडमन यांनी १९५० साली अशी खूण शोधली की ती पहिल्यालाच तेवढा हळूच सोडवून बाहेर काढते आणि उरलेली साखळी शाबूत ठेवते. मग दुसरा पहिला होतो, त्यालाही खूण लावायची, असे किती तरी फेरे. सुटून आलेले प्रत्येक अनुजात पुन्हा वर्णलेखनानेच ओळखायचे. १९६३ साली ग्रे आणि हार्टली यांनी डॅन्सिल नावाची खूण वापरली. ती जंबुपार प्रकाशात चमकते आणि डी-एन्-पीच्या मानाने शंभराव्या हिश्श्याएवढा माल असला तरी दिसते. एडमन यांच्या रीतीची पुढे यंत्रे झाली. आता तर साखळी वाचण्याचे बहुतेक काम रेणूंचे वजन करणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापकांकडे गेले आहे. तरी सँगरची जुनी पिवळी खूण अगदीच पेन्शनीत निघाली नाही. लायसीनच्या त्या तिसऱ्या हाताची आठवण आहे ना? मासळीची वा मांसाची भुकटी करताना ती फाजील तापली तर तो हात इतर द्रव्यांत गुंतून बसतो आणि असले लायसीन खाणाऱ्याच्या अंगी लागत नाही. किती लायसीनांचे हात अजून मोकळे आहेत ते पाहायला केनेथ कार्पेंटर यांनी १९६० साली हीच खूण वापरली. पिवळा रंग जितका फिका, तितकी भुकटी करपलेली.

इन्सुलिनकडे परत येऊ. क्रम कळल्यावर निरनिराळ्या प्राण्यांचे इन्सुलिन ताडून पाहता आले. बैलाचे आणि माणसाचे इन्सुलिन एकावन्नांपैकी फक्त तीन जागी निराळे निघाले. डुकराचे तर एकाच जागी निराळे. लांब साखळीच्या अगदी शेवटी डुकरात अलानीन उभे असते, माणसात थ्रिओनीन. १९७८ साली कॅलिफोर्नियात जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेतले तेव्हा त्यासाठी लागणारी जनुके माणसाच्या शरीरातून उचललेली नव्हती. मानवी इन्सुलिनचा अमिनो आम्लांचा क्रम समोर ठेवून, त्याबरहुकूम ती प्रयोगशाळेत जुळवली होती. क्रम ठाऊक नसता तर जुळवायचे काय? १९८२ साली हे इन्सुलिन विक्रीस आले, आणि फ्रिजच्या दारातल्या बाटलीत आज बहुधा असेच सूक्ष्मजीवांकडून करवून घेतलेले इन्सुलिन असते. काहींत एखाददुसरे आम्ल मुद्दाम बदललेले. बैल, डुक्कर आणि माणूस या तिघांच्या लांब साखळीचे शेवटचे टोक असे कमीअधिक बदलते. पण मोकळा हात पुढे करून उभा असलेला, १९४५ साली पिवळा झालेला तो पहिला, तिघांतही फेनिलअलानीनच आहे.